वायर, दगड आणि गादी

जळगावात मी अँप्लिफायर, टर्नटेबल आणि स्पीकर दुरुस्त करतो. ज्यांना घरी नीट बसून गाणं ऐकायचं असतं, त्यांच्या खोल्याही लावून देतो. पूर्वी माझ्याकडे येणारी कामं ठरलेली असत. आउटपुटचा ट्रान्झिस्टर गेलेला असे, डेकचा पट्टा सैल झालेला असे, नाहीतर सुई झिजलेली असे. अलीकडे लोक छोट्या, देखण्या डब्या घेऊन येतात. एकीत सोनेरी टोपणांचा फ्यूज असतो आणि त्यावर बाण काढलेला असतो. दुसरीत स्पीकरची वायर जमिनीपासून उचलून धरणाऱ्या लाकडी घोड्या असतात. कधी अँप्लिफायरवर ठेवायचे स्फटिक, कधी सीडीच्या कडेला फिरवायचं हिरवं पेन, कधी अंगठ्याएवढी जाड पॉवर कॉर्ड. लोक म्हणतात, ‘भाऊ, एवढं बसवून द्या, आणि खरं सांगा, फरक पडतो का?’

या प्रश्नाचं उत्तर मी कधीच उडवून लावत नाही, कारण विचारणारी माणसं गाण्यावर जीव लावणारी असतात. या गावाला गाण्याचा कान जुना आहे. बालगंधर्वांचं लहानपण काही काळ इथे गेलं, मेहबूबखाँकडे त्यांनी सुरुवातीचे धडे इथेच घेतले. आजही दर जानेवारीत चांदोरकर प्रतिष्ठानच्या बालगंधर्व संगीत महोत्सवाला थंडीत शाल गुंडाळून बसणारे श्रोते आहेत. तिथे प्रत्यक्ष ऐकलेला तानपुरा घरी तसाच का वाजत नाही, ही खंत त्यांना ती डबी मागवायला लावते. ती खंत रास्तच आहे. म्हणून डबीतल्या वस्तूला मी दोन कसोट्या लावतो. यंत्रात काही बदललं का, हे मीटरवर आणि मोजमापाच्या माइकवर पाहतो. आणि कुठली वस्तू लावली आहे हे माहीत नसताना कानाला फरक कळतो का, हे तपासतो.

फ्यूजचं उत्तर सर्वांत सोपं. बाण ज्या दिशेला दाखवतो त्या दिशेने वीज चांगली वाहते, असं सांगितलं जातं. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणजे ती सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते. बाणाच्या बाजूने जितका वेळ जाते तितकाच वेळ उलटी येते. फ्यूज योग्य अँपिअरचा हवा आणि त्याच्या टोपणांना गंज नको. ते पाहिलं की फ्यूजचं काम संपलं. हिरव्या पेनाची तपासणीही कुणालाही घरी करता येते. तीच सीडी पेन फिरवण्याआधी आणि नंतर संगणकावर उतरवून घ्यायची आणि दोन फाइली ताडून पाहायच्या. मी केलेल्या तपासणीत त्या बिट न् बिट सारख्या निघाल्या. सीडी वाचणारा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा असतो. वाचताना होणाऱ्या लहान चुका दुरुस्त करण्याची सोयही तबकडीवरच्या नोंदीतच केलेली असते. कडेच्या रंगाला तिथे काही करायला जागाच उरत नाही.

स्फटिकांची गोष्ट मला जवळची, कारण ते आपल्याच मातीतले असू शकतात. दख्खनच्या काळ्या पाषाणात, जळगाव परिसरातल्या खाणींतसुद्धा, अपोफिलाइट आणि स्टिल्बाइटचे अतिशय सुंदर स्फटिक सापडतात. जगभरचे संग्राहक ते घेतात. अमेरिकेत ‘ब्रिलियंट पेबल्स’ नावाने काचेच्या बरण्यांतले खडे खोलीचा आवाज सुधारण्यासाठी विकले गेले, त्याची चर्चा इथवर पोहोचली होती. एका सराफांनी आपल्या भागातले हिरवट स्फटिक दोन्ही स्पीकरवर मांडले आणि मला बोलावलं. माइक लावून खालपासून वरपर्यंतचे सूर मोजले, स्फटिक उचलून पुन्हा मोजले. दोन्ही आलेख एकमेकांवर तंतोतंत बसले. मग मी डावा स्पीकर मागच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढला आणि तिसऱ्यांदा मोजलं. या वेळी खालच्या सुरांची रेघ सरळ खाली उतरली. भिंतीला चिकटलेला स्पीकर खालचे सूर सहा डेसिबलपर्यंत फुगवू शकतो. सराफांनी स्फटिक शोकेसमध्ये नेऊन ठेवले. तिथे ते शोभूनही दिसतात.

पॉवर कॉर्डचा प्रसंग मात्र मला जास्त शिकवून गेला. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, उत्तम जाणकार. भीमसेनजींच्या दोन वेगवेगळ्या मैफलींतल्या तोडीमधला फरक सांगू शकणारा माणूस. त्यांनी दीड मीटरची महागडी कॉर्ड घेतली आणि मला सांगितलं, ‘तानपुरा मोकळा झालाय. षड्जामागचा गंधार आता वेगळा ऐकू येतोय.’ असा माणूस जेव्हा असं बोलतो, तेव्हा ते मनावर घ्यावं लागतं. मी आधी अँप्लिफायरच्या आउटपुटचं व्होल्टेज दोन्ही कॉर्डवर मोजलं. मीटरला काहीच वेगळं दिसलं नाही. ही पायरी मी कधीच वगळत नाही. अर्धा डेसिबल मोठा आवाज मोठा म्हणून कळत नाही, पण जास्त स्वच्छ, जास्त जिवंत वाटतो. आवाजाची पातळी जुळवल्याशिवाय केलेली कुठलीही तुलना म्हणूनच फसवी ठरते.

मग रॅकवर चादर टाकली. त्यांची मुलगी मागे जाऊन कॉर्ड बदलायची, किंवा नुसतीच खुडबुड करून तीच परत लावायची. मीही बाहेरच्या खोलीत थांबलो, कारण माझ्या चेहऱ्यावरूनही त्यांना अंदाज आला असता. दर वेळी ते कागदावर लिहीत होते. शेवटी ताडून पाहिलं, तर निम्मी उत्तरं बरोबर, निम्मी चूक. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘म्हणजे मी त्या रात्री ऐकलं ते खोटं होतं?’

ते खोटं नव्हतं. मी त्यांना विचारलं, नवी कॉर्ड लावली त्या रात्री काय काय केलंत? त्यांनी आठवून सांगितलं. रात्री अकरा वाजता घर निजल्यावर बसले. पंखा बंद केला, कूलर बंद केला, मोबाइल आत ठेवला, आणि वर्षानुवर्षांची ओळखीची रेकॉर्ड लावली. एरवी जळगावात फेब्रुवारीच्या अखेरीपासून जूनच्या पावसापर्यंत कूलरची घरघर चालूच असते. बैठकीत ती साठ डेसिबलच्या आसपास भरते. तानपुऱ्याच्या तारेतून उमटणारा गंधार त्याच्या कितीतरी खाली असतो. तो त्या रात्री त्यांनी खरोखरच ऐकला होता. कॉर्ड तिथे फक्त हजर होती. मी पुन्हा कूलर लावून आणि बंद करून त्यांना तीच जागा ऐकवली, जुन्या कॉर्डवर. त्यांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला ते नीट समजलं, कारण मोकळा तानपुरा त्यांना परत मिळाला होता.

जाणकारांचा कानही डोळ्यांच्या मागे जातो, यात कमीपणा नाही. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोन संशोधकांनी ध्वनी अभियंत्यांच्या परिषदेपुढे एक प्रयोग मांडला. तेच श्रोते, तेच चार स्पीकर. एकदा पडद्याआड, एकदा डोळ्यांसमोर. डोळ्यांसमोर ठेवल्यावर मोठ्या, देखण्या स्पीकरचे गुण वाढले आणि लहान, साध्या स्पीकरचे घटले. त्यात अनुभवी श्रोतेही होते. २००७ साली जादूगार जेम्स रँडी यांनी ७,२५० डॉलरची स्पीकर केबल साध्या चांगल्या केबलपेक्षा न पाहता ओळखून दाखवणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ केले होते. ती परीक्षा शेवटपर्यंत झालीच नाही. स्पीकरच्या वायरीबद्दल मला एवढंच सांगायचं आहे की तिची जाडी महत्त्वाची आहे, आणि तीही एका मर्यादेपर्यंत. पाच मीटर लांबीला १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली तर जाऊन-येऊन ०.१२ ओहमच्या आसपास रोध पडतो. आठ ओहमच्या स्पीकरला त्याने डेसिबलचा सातवा-आठवा भाग कमी होतो. घंटीची बारीक वायर लावली तर मात्र तोच तोटा डेसिबलच्या घरात जातो आणि कानाला कळतो. तो टाळायला २.५ चौरस मिलिमीटरची घरगुती वायर पुरते. ती कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मीटरवर मिळते.

जाड पॉवर कॉर्ड विकणारे वीज ‘शुद्ध’ होते म्हणतात. खानदेशातल्या माणसाने आधी भिंतीच्या मागे पाहावं. डीपीपासून घरापर्यंत येणारी अॅल्युमिनियमची तार, खांबावरचा सांधा, मीटरमधला स्क्रू, घरातली जुनी वायर, एवढ्या सगळ्यानंतर शेवटचा दीड मीटर काय करणार? रावेरकडच्या केळीच्या पट्ट्यात संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज १८० पर्यंत बसलेलं मी पाहिलं आहे. अशा वेळी अँप्लिफायरचा दम खरंच कमी पडतो, तबल्याची थाप मऊ होते. तिथे चांगला स्टॅबिलायझर लागतो आणि त्याचा फरक पडदा टाकूनही ओळखता येतो. एका बागायतदारांच्या बंगल्यात अँप्लिफायरला हात लावला की झिणझिण्या येत आणि स्पीकरमधून सतत गुणगुण चाले. त्यांना कुणीतरी आवाज गाळणारं महागडं यंत्र सुचवलं होतं. अर्थिंगचा खड्डा उकरला तेव्हा काळी माती मे महिन्यात भेगाळून पट्टीपासून सुटलेली दिसली, आणि बैठकीतल्या सॉकेटची अर्थची तार तर मुळातच तुटलेली होती. तार जोडली, नव्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरला, सेट टॉप बॉक्सच्या केबलमधून येणारा दुसरा अर्थ तोडला. गुणगुण गेली, आणि घरातल्या मुलांना असलेला शॉकचा धोकाही गेला. हे दुसरं मला पहिल्यापेक्षा मोठं वाटतं.

उन्हाळ्याचा आणखी एक हिशोब आहे आणि तो विकतच्या कुठल्याही डबीत नसतो. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचं आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. बाहेर ४५ अंश असताना बंद काचेच्या शोकेसमध्ये ठेवलेला अँप्लिफायर आतल्या आत शिजतो. मागची फळी काढून टाकायला मी प्रत्येक घरी सांगतो.

या विचित्र वस्तूंपैकी सगळ्याच निकामी असतात असं मात्र नाही. फेराइटची कडी हे त्याचं माझ्या डोळ्यांसमोरचं उदाहरण. आकाशवाणीचं जळगाव केंद्र मध्यम लहरींवर ऐकलं जायचं त्या काळात एका घरी रेकॉर्ड लावली की दोन गाण्यांमधल्या शांततेत बारीक आवाजात प्रादेशिक बातम्या ऐकू येत. घरातल्या आजींना ते शुभ वाटे, मुलगा हैराण. टर्नटेबलपासून येणारी वायर अँटेनासारखी लहर पकडत होती आणि फोनोच्या पहिल्या टप्प्यातला ट्रान्झिस्टर तिच्यातून आवाज वेगळा काढत होता. फेराइटच्या कडीवर वायरीचे काही वेढे दिले, आत एक छोटा कॅपॅसिटर लावला आणि बातम्या थांबल्या. टर्नटेबलच्या खालच्या पायांचंही तसंच. सुई खोबणीतली मिलिमीटरच्या कैक पटींनी लहान थरथर वाचते, त्यामुळे तिला चालण्याचा धक्काही ऐकू येतो. लाकडी माळ्याच्या खोलीत टर्नटेबल भिंतीतल्या घट्ट फळीवर घेतलं की फरक लगेच कळतो. त्याच फळीवर सीडी प्लेयर ठेवून काही होत नाही. वस्तू काय काम करते आणि यंत्राला नेमकं काय छळतंय, हे जुळलं पाहिजे.

आता खोली. माझं सगळ्यात जास्त काम इथे असतं आणि लोकांचा विश्वास सगळ्यात कमी इथेच बसतो, कारण खोली डबीत घालून विकत घेता येत नाही.

आमच्याकडची जुनी घरं धाब्याची. जाड मातीच्या भिंती, वर सागाच्या तुळया आणि माती, कोनाडे, खुंट्या, धान्याच्या कणग्या. अशा घरात आवाज आपटून परत यायला सपाट जागा कमी. आता बैठक म्हणजे दहा बाय बाराची आरसीसीची खोली, उंचीही दहा फूट, गुळगुळीत प्लास्टर, खाली टाइल, समोर टीव्ही आणि काचेची खिडकी. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये एक ठरावीक सूर अडकून पडतो. ध्वनीचा वेग तीस अंश तापमानाला सेकंदाला सुमारे ३५० मीटर धरला, तर दहा फुटांत तो ५७ हर्ट्झ निघतो आणि बारा फुटांत ४८. रुंदी आणि उंची दोन्ही दहा असल्याने ५७ हर्ट्झ दुपटीने घुमतो. म्हणून रेकॉर्डवर डग्ग्याची मींड खाली उतरत जाते, तेव्हा एका जागी ती अचानक फुगते आणि पुढे परत बारीक होते. वादकाच्या हातात तसं काहीच नसतं. आठ फूट रुंदीच्या खोलीत हा सूर ७२ हर्ट्झच्या जवळ येतो. काळी एक पट्टीत गाणाऱ्या गवयाच्या तानपुऱ्याचा खरज ६९ हर्ट्झचा, म्हणजे अगदी शेजारीच. त्या खोलीत खरज फुगतो आणि गवयाचा आवाज त्याखाली झाकला जातो.

वरच्या सुरांचं दुखणं वेगळं. रिकाम्या, टाइलच्या खोलीत टाळी वाजवली तर तिचा तुकडा भिंतींमध्ये झणझणत राहतो. हिशोबाने अशा खोलीत आवाज विरायला दोन सेकंदांहून जास्त लागतात. गाणं ऐकायच्या खोलीत अर्ध्या सेकंदाच्या आत तो विरला पाहिजे. हा हिशोब हार्वर्डच्या वॉलेस सबाइन यांचा. १८९५ च्या सुमारास विद्यापीठाच्या नव्या व्याख्यानगृहात बोललेलं कळत नव्हतं, तेव्हा त्यांनी शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या. एकेक गादी वाढवत आवाज किती वेळात विरतो ते घड्याळावर मोजत राहिले. सुरुवातीला साडेपाच सेकंद लागत होते. सभागृहाच्या ध्वनीचं शास्त्र त्या गाद्यांवर उभं राहिलं.

गाद्यांची वाण खानदेशात कुठे आहे? कापूस आमच्या शेतात पिकतो, पिंजणारे आमच्या गल्लीत बसतात. धुळ्याच्या एका घरी मी घराच्या मालकिणीला, सत्तरी ओलांडलेल्या आजींना विचारलं, माळ्यावर जुन्या गाद्या आहेत का? होत्याच. चार इंची गादीला खादीचं कापड शिवून घेतलं आणि स्पीकरच्या बाजूच्या भिंतीवर, जिथून आवाज उसळून सरळ कानात येतो त्या जागी लावली. जागा शोधायला आरसा पुरतो. एकाने भिंतीवर आरसा सरकवत न्यायचा. खुर्चीत बसलेल्याला त्यात स्पीकर दिसला की तिथे गादी. मागच्या भिंतीवर दोन, छताला एक. खुर्ची मागच्या भिंतीपासून तीन फूट पुढे घेतली. आजी भजनाच्या रेकॉर्डी ऐकत. टाळ वाजला आणि त्या नातवाला म्हणाल्या, ‘आते कानले बरं लागस.’ त्यांना कुणी काय बदललं ते समजावून सांगितलं नव्हतं. भिंतीवर नवं कापड दिसत होतं, ही गोष्ट मी विसरत नाही, म्हणून माइकचा आलेखही काढला. टाळीचा तुकडा अर्ध्या सेकंदाखाली आला होता.

प्लास्टिकच्या चटईने हे होईल का, असं जळगावात हमखास विचारतात, कारण आमच्या एमआयडीसीतल्या चटया देशभर जातात. पातळ चटई अगदी वरचे सूर थोडे शोषते, बाकी काही नाही. आवाज जिरवायला जाडी लागते, आणि आत हवा खेळेल असा धागा लागतो. फोमच्या टोकदार पट्ट्या विकत मिळतात, पण इंचभर जाडीच्या पट्ट्या आवाजाचा वरचा भाग खातात आणि घुमणारा खालचा भाग तसाच ठेवतात. मग खोली मेल्यासारखी होते आणि डग्गा जास्तच उठून बसतो.

डग्ग्याच्या बाबतीत गादीही अपुरी पडते, हे मी प्रत्येक घरी आधीच सांगतो. ५७ हर्ट्झच्या लाटेची लांबी सहा मीटरच्या वर असते. चार इंच कापूस तिला अडवू शकत नाही. खुर्ची आणि स्पीकर पुढेमागे सरकवून बरंच साधतं, पूर्ण साधत नाही. त्यासाठी आता धुळ्याच्या एका सुताराबरोबर मी लाकडी पेट्या करून पाहतो आहे. समोर ६ मिलिमीटरचं प्लायवुड, कडा हवाबंद, मागे ३० सेंटिमीटर पोकळी आणि तिच्यात सैल भरलेला कापूस. फळीचं वजन आणि पोकळीची खोली यांच्या हिशोबाने ही पेटी बरोबर ५७-५८ हर्ट्झला थरथरते आणि खोलीतला तोच सूर आपल्यात जिरवते. पहिली पेटी आजींच्या घरी कोपऱ्यात उभी केली. आलेखावरचा सुळका खाली आला, पण हवा तितका नाही. कोपरे चार आहेत, पेटी एकच. दुसऱ्या पेटीचं प्लायवुड कापून झालं आहे. बँकेतले ते गृहस्थ म्हणाले आहेत की तिसरी त्यांच्या खोलीत लावा, कॉर्ड विकून आलेले पैसे त्यात घालतो.